भरतीचं रीडिंग

माझगावात, दारूखान्याच्या अलीकडे एक घर आहे.
माझ्या वहीत त्याला नाव नाही, फक्त ग्राहक क्रमांक.
सात वर्षं मी त्याचा मीटर वाचतो.
दाराला कुलूप, मेन स्विच खाली,
तरी दर महिन्याला दोन-तीन युनिट पडतात,
जसं कुणी रात्री उठून
पाणी प्यायला दिवा लावावा
आणि लगेच विझवावा.

घराच्या मागच्या अंगाला समुद्रात उतरणाऱ्या अकरा पायऱ्या आहेत.
समुद्र नाही.
शेवटच्या पायरीला टेकून भंगाराचे ट्रक उभे असतात,
तोडलेल्या जहाजांचे पत्रे, नांगराची साखळी,
एकदा तर अख्खं सुकाणू, टायरवर निजवलेलं.
त्यापलीकडे अर्धा मैल भराव.

बांधलं ते नाखवा शमसुद्दीन कर्जीकरनं.
जितकी गलबतं तितक्या खिडक्या, समुद्राकडे तोंड करून.
आठवं गलबत मस्कतहून निघालं, पोचलं नाही.
त्यानं आठवी खिडकी विटांनी बुजवली.
ती जागा मे महिन्यातही ओली असते, असं पानवाला सांगतो.
पानवाला पान उधार देत नाही,
गोष्टी देतो.

कुणी म्हणतं, नाखव्याची बीबी सज्जात कंदील घेऊन उभी असते.
कुणी म्हणतं, बीबी कुठली, ती तर फिलू,
भाड्यानं राहिलेल्या परेरा टॅलीक्लार्कची बायको.
गोदीत स्फोट झाला त्या दुपारी
तिनं दोन कप चहा ओतून ठेवला होता.
काचा चहात पडल्या.
परेरा आला नाही, काचा तिनं काढल्या नाहीत,
आणि पुढं अठरा वर्षं रोज चारच्या सुमाराला
दोन कप.
शिवाय एक खलाशी आहे, तो विडीला काडी मागतो.
द्यावी तर हातातली पेटीच भिजून जाते.

फॉर्मात भुताचा रकाना नाही.
मी लिहितो : घर बंद. चार हजार एकशे बावीस.

ट्रक राखणाऱ्या घाडीमामाला एकदा विचारलं.
मामा रात्रीचा माणूस, खोटं बोलायला त्याला कोणी सोबतीला नसतं.
म्हणाला, "भूत खयचा? पाणी असा ता.
हय भराव घातलो ता तेका कोणी सांगूकच नाय.
आपल्या येळार येता, पायरेर बसता, जाता."

मी पंचांगातली उधाणं आणि माझी वही
शेजारी शेजारी ठेवली.
जुळेल असं वाटलं होतं.
बारांपैकी चार महिने जुळले, बाकीचे नाही.
इंजिनियर हसला. म्हणाला, लीकेज आहे,
भिंतीत ओल उतरली की वायर गळते.
ओल येते कुठून, विचारलं.
त्यानं चष्मा पुसला
आणि दुसरी फाईल ओढली.

या मंगळवारी मीटर उतरवायची ऑर्डर आली.
घर पाडणार, त्या जागी कसलंसं गोदाम.
मीटर सोडवला, पिशवीत घातला.
पिशवी वजनाला जड लागली, पण ते माझं वय असेल.
मग उगीच पायऱ्या उतरलो.
मोजत गेलो तर अकराव्यावर कालवं चिकटलेली,
पांढरी, धारदार, कोण जाणे किती वर्षं कोरडी,
सगळी उघडी, आत धूळ, एकात गुटख्याची पुडी.

एक मात्र बंद होतं.
आतून.